कानात ‘ट्रॅफिक’ ऐकू आलं की नजर कुठे जाते?

माझ्या इन्स्ट्रक्टर बाईंनी एके दिवशी हवेतच हेडसेट उतरवला, डोक्यावरची टोपी काढून माझ्या आयपॅडवर टाकली, हेडसेट पुन्हा चढवला आणि विमान उतरेपर्यंत टोपीला हात लावला नाही.

झालं असं होतं. कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावरून निघून आम्ही दक्षिणेला गिलरॉयच्या बाजूला चाललो होतो. सेसना १७२ हे छोटं विमान, उंची साडेतीन हजार फूट, खाली १०१ महामार्ग. कानात आवाज आला, “ट्रॅफिक, ट्वेल्व्ह ओ’क्लॉक, सेम अल्टिट्यूड, वन माइल.” म्हणजे दुसरं विमान, नाकासमोर, आपल्याच उंचीवर, एका मैलावर. मी तत्परतेने आयपॅडकडे बघितलं. समोरचा बाण कुठे चाललाय, त्याच्याखालचा आकडा काय म्हणतोय, हे नीट दिसावं म्हणून दोन बोटांनी नकाशा मोठासुद्धा केला. मान वर केली तेव्हा एक पांढरी पायपर, तसंच छोटं विमान, डाव्या हाताला, आमच्यापेक्षा थोडी खालून सुळकन मागे गेली. तिच्या पंखावरचा लाल पट्टा अजून आठवतो.

बाईंनी विचारलं, “किती वेळ आत बघत होतास?” मी म्हटलं, दोन-तीन सेकंद. त्या मोजत होत्या. अकरा.

एसटी स्टँडवर गाडी मागे घेताना कंडक्टर मागे उभा राहून शिट्टी वाजवतो. ड्रायव्हर शिट्टी ऐकतो आणि आरशात बघतो. कंडक्टरच्या हातात कुठली शिट्टी आहे हे बघायला तो मान वळवत नाही. मी नेमकं तेच केलं होतं. आवाजी इशारा बनवलाय तो डोळे बाहेर राहावेत म्हणून, आणि माझ्यासारखा नवशिका त्याच इशाऱ्याने डोळे आत घेतो. ही खोड मोडायला मला जवळजवळ वर्ष लागलं. इथे भाड्याच्या छोट्या विमानांतून उडणारे माझ्या ओळखीतच चौघे मराठी आहेत आणि चौघांनाही ही खोड होती किंवा आहे. म्हणून हे लिहून काढतोय. बारामती-धुळ्याला शिकणाऱ्यांचे नियम आणि यंत्रं वेगळी असतील. नजरेचा भाग मात्र त्यांनाही लागू पडेल.

आवाज येतो कुठून

१ जानेवारी २०२० पासून अमेरिकेत मोठ्या विमानतळांच्या आसपासच्या हद्दीत आणि साधारण दहा हजार फुटांच्या वर उडायचं तर एडीएस-बी आउट लागतंच. विमान जीपीएसवरून आपली जागा काढतं आणि सेकंदा-सेकंदाला सगळ्यांना ओरडून सांगतं, मी इथे आहे, एवढ्या उंचीवर, या दिशेला चाललोय. दुसऱ्यांचं ओरडणं ऐकणं म्हणजे एडीएस-बी इन. ते ऐच्छिक आहे. थोडक्यात, ओरडायची सक्ती, ऐकायची नाही.

हे ओरडणं दोन फ्रीक्वेन्सींवर चालतं, १०९० आणि ९७८ मेगाहर्ट्झ. रिसीव्हर दोन्ही ऐकणारा घ्या. शिवाय एफएएची (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याची) जमिनीवरची केंद्रं रडारवर दिसणारी, फक्त साधा ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देणारं यंत्र) असलेली विमानंही आपल्याला पाठवतात. पण ही खिरापत एडीएस-बी आउट असलेल्यालाच मिळते, आणि तीही त्याच्याभोवती १५ नॉटिकल मैल आणि वर-खाली साडेतीन हजार फूट एवढ्याच डब्यातली. रिसीव्हर खिशातून नेलात आणि विमानात आउट नसेल, तर शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी पाठवलेलं कानावर पडेल तेवढंच. म्हणजे कधी सगळं, कधी काहीच नाही. रडारवरून आलेली जागा काही सेकंद शिळी असते, हेही लक्षात असू द्या.

पॅनलमध्ये बसवलेल्या यंत्राचा आवाज ऑडिओ पॅनलमधून थेट हेडसेटमध्ये येतो. टॅब्लेटचा आवाज ब्लूटूथने किंवा वायरीने आणावा लागतो, आणि सगळा घोळ तिथे होतो. युरोपातल्या ग्लायडरवाल्यांचं फ्लार्म निराळं. ते धोका वाढेल तसं जोरजोरात पिपाण्या वाजवतं. इथे त्याचा संबंध थोडा, म्हणून सोडून देतो.

मोठ्या विमानातलं टीकॅस, म्हणजे टक्कर टाळणारं यंत्र, वर जा, खाली जा असा हुकूम देतं. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं धडकून ३४९ माणसं गेली, त्यानंतर आपल्याकडे त्याची सक्ती झाली. आपल्या छोट्या विमानातला आवाज हुकूम देत नाही. तिकडे कुणीतरी आहे, एवढंच सांगतो. पुढचं काम तुमचं.

निघायच्या आधी

पहिली गोष्ट, विमानाचा नंबर. क्लबाच्या विमानांतून उडणाऱ्याला दर वेळी वेगळं विमान मिळतं आणि अ‍ॅपमध्ये मागच्या वेळचाच नंबर राहतो. एका शनिवारी माझं तसंच झालं. चाकं जमिनीवरून उचलली आणि कानात सुरू, ट्रॅफिक, सेम अल्टिट्यूड, एक मैलाच्या आत. मी डावीकडे बघतोय, उजवीकडे बघतोय, एक पंख उचलून वर बघतोय, कुणी नाही. शेवटी टॉवरला विचारलं, माझ्याजवळ कोण आहे? टॉवरवरच्या माणसाने क्षणभर थांबून सांगितलं की दोन मैलांत कुणी नाही. ते ‘कुणीतरी’ मीच होतो. माझ्याच विमानाचं ओरडणं माझाच रिसीव्हर ऐकत होता आणि अ‍ॅपला वाटत होतं, आपण दुसऱ्याच विमानात बसलोय. स्वतःच्या सावलीला भिण्याचा हा आधुनिक प्रकार. तेव्हापासून विमानाभोवती फिरून तपासणी करतो तेव्हाच शेपटीवरचा नंबर वाचतो आणि तिथल्या तिथे अ‍ॅपमध्ये घालतो.

दुसरी गोष्ट, आवाजाची वाट. बऱ्याच जणांना वाटतं की ब्लूटूथ जोडलं, गाणं ऐकू आलं, काम झालं. गाणं ऐकू येणं ही चाचणीच नव्हे. बऱ्याच हेडसेटना ब्लूटूथसाठी दोन रीती असतात. ‘मिक्स’मध्ये रेडिओ आणि ब्लूटूथ एकत्र ऐकू येतात. ‘म्यूट’मध्ये रेडिओवर किंवा इंटरकॉमवर कुणी बोललं की ब्लूटूथ आपोआप दबतं. गाण्यासाठी म्यूट उत्तम. इशाऱ्यासाठी म्यूट म्हणजे गर्दी जितकी जास्त तितका इशारा कमी, कारण गर्दीच्या ठिकाणीच रेडिओ अखंड चालू असतो. वायरीचंही तेच. टॅब्लेटची वायर ऑडिओ पॅनलच्या म्युझिक जॅकला लावली तर रेडिओ बोलायला लागला की पॅनल ते ‘संगीत’ आदबीने बंद करतं. पॅनलमध्ये बसवलेल्या यंत्रांसाठी न दबणारी वेगळी इनपुट असते. ती मेकॅनिककडूनच जोडून घ्यावी लागते, आपण खालून वायर खुपसून भागत नाही.

तेव्हा मिक्स करा आणि रेडिओ चालू असताना तपासा. मी इंजिन सुरू करायच्या आधी एका कानाने एटिस लावतो, म्हणजे हवामानाची अखंड चालणारी ध्वनिफीत, आणि त्याच वेळी अ‍ॅपला काहीतरी बोलायला लावतो. दोन्ही ऐकू आले तर पास. दुसरी फुकटची चाचणी टॅक्सी करताना होते. फोरफ्लाइटसारखी अ‍ॅप धावपट्टीजवळ गेलं की स्वतःहून “अप्रोचिंग रनवे” असं बोलतात. होल्ड शॉर्ट रेषेपाशी, म्हणजे धावपट्टीच्या अलीकडे थांबायच्या रेषेपाशी, ते वाक्य कानात आलं नाही तर मी तिथेच थांबून वायर-ब्लूटूथ बघतो. मागे कुणी उभं असेल तर त्याला पुढे जाऊ देतो. बसवलेल्या यंत्रांपैकी बहुतेकांत सेल्फ टेस्ट असते, ती दाबायला दोन सेकंद लागतात.

आवाज किती ठेवायचा, हे जमिनीवर ठरवू नका. इंजिन मंद चालू असताना पुरेसा वाटलेला आवाज चढताना बुडून जातो. पहिल्यांदा पूर्ण जोरात ठेवा, वर गेल्यावर कमी करा.

तिसरी गोष्ट, फोन. माझी पुण्याची आत्या तिच्या सकाळी चहाबरोबर व्हॉट्सअ‍ॅप कॉल करते, तेव्हा आमच्याकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. एकदा डाउनविंडवर, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने उडत असताना, हेडसेटमध्ये तिची रिंग वाजायला लागली. ती थांबेपर्यंत ब्लूटूथवर दुसरं काही येत नव्हतं. एअरप्लेन मोड लावा, मग वायफाय आणि ब्लूटूथ तेवढे परत चालू करा, कारण रिसीव्हर टॅब्लेटशी वायफायने बोलतो. आणि फोन हेडसेटशी जोडलेलाच ठेवू नका, टॅब्लेट तेवढा जोडा. आत्याला नंतर परत फोन करता येतो.

चौथी गोष्ट, उंची. इशाऱ्यातलं ‘हाय’ किंवा ‘लो’ हे दोन्ही विमानांच्या दाबावरून काढलेल्या उंचीतला फरक असतो, म्हणून तुमच्या अल्टिमीटरवर, म्हणजे उंचीच्या तबकडीवर, काय लावलंय याने त्यात फरक पडत नाही. पण समोरचा उंची पाठवतच नसेल तर? इथे जरा थांबतो.

१३ मे २०१९ ला अलास्कात केचिकानजवळ पर्यटकांना फिरवणारी दोन फ्लोटप्लेन (पाण्यावर उतरणारी विमानं), एक बीव्हर आणि एक ऑटर, साधारण ३,३५० फुटांवर एकमेकांवर आदळली. सहा माणसं गेली. दोघांकडेही एडीएस-बी होतं, दोघांकडेही पडदा होता. अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या अमेरिकी संस्थेच्या अहवालात जे आहे ते प्रत्येक पायलटने एकदा वाचावं. ऑटरमधल्या जुन्या यंत्रात इशारा देण्याची सोय होती. एफएएच्या कार्यक्रमातून बदलून आलेल्या नव्या यंत्रात ती नव्हती. बीव्हरमध्ये टॅब्लेटवर अ‍ॅप होतं आणि त्याला इशारा देता येत होता. पण ऑटरकडून दाबाची उंची प्रक्षेपितच होत नव्हती आणि उंचीशिवाय अ‍ॅप धोक्याचा हिशोब करत नाही. म्हणजे एकाचं यंत्र मुकं, दुसऱ्याचं यंत्र समोरच्याच्या चुकीमुळे गप्प. वर दोघांच्याही नजरेच्या आड विमानाचेच खांब आणि शेजारचा प्रवासी आलेले.

म्हणून रन-अपमध्ये, म्हणजे उडण्याआधीच्या इंजिनाच्या चाचणीत, ट्रान्सपॉन्डरचा मोड उंची पाठवण्याचा आहे ना, तो आकडा अल्टिमीटरशी साधारण जुळतो ना, हे मी मोठ्याने म्हणतो. तुमची उंची ही तुमच्यासाठी नसतेच. ती समोरच्याच्या कानासाठी असते.

आवाज आल्यानंतरची बारा सेकंदं

बारा हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. एफएएच्या सल्लापत्रकात एक जुना तक्ता आहे. वस्तू दिसणं, ते विमान आहे हे कळणं, ते आपल्यावरच येतंय हे उमगणं, कुठे वळायचं ते ठरवणं, हात हलणं आणि विमानाने ते ऐकणं, सगळं मिळून साडेबारा सेकंद. त्यातले पाच सेकंद तर ‘हे आपल्यावर येतंय’ एवढं पटण्यातच जातात.

आता माझी सेसना ११० नॉट्सने, म्हणजे ताशी ११० सागरी मैलांनी, चालते. समोरून तशीच दुसरी आली तर जवळ येण्याचा वेग २२०. एक मैल साधारण सोळा सेकंदांत संपतो. “वन माइल” ऐकून आयपॅडवर चार सेकंद घालवले की हातात उरलेला वेळ आणि त्या तक्त्यातला वेळ सारखाच होतो. बाईंच्या टोपीचं गणित हे असं होतं.

तेव्हा क्रम असा ठेवा. आवाज आला की आधी मान बाहेर. घड्याळाचा काटा पकडा. बारा म्हणजे नाक, तीन म्हणजे उजवा पंख, एक तास म्हणजे तीस अंश. मग उंची. इथे एक युक्ती फार उपयोगी आहे. तुमच्याच उंचीवरचं विमान नेहमी क्षितिजाच्या रेषेवर दिसतं, मग ते एक मैलावर असो की पाच. ‘सेम अल्टिट्यूड’ म्हटलं तर क्षितिजाच्या पट्टीतच शोधा, ‘हाय’ म्हटलं तर पट्टीच्या वर, ‘लो’ म्हटलं तर खाली, जिथे ते घरं-शेतांच्या गोधडीत हरवलेलं असतं. सगळं आकाश झाडून काढायचं नाही. दहा-दहा अंशांचा तुकडा घ्यायचा आणि प्रत्येकावर निदान एक सेकंद डोळा टेकवायचा. भिरभिरत्या डोळ्याला लांबचं विमान दिसत नाही.

डोकं हलवा, नुसते डोळे नव्हे. दाराचा खांब एक अख्खं विमान लपवतो. सेसनाचा पंख वर असतो म्हणून ‘हाय’वाला लपतो, पायपरचा खाली म्हणून ‘लो’वाला. पुढे झुकून बघा, खांबाच्या पलीकडे डोकावून बघा, गरज पडली तर पंख किंचित उचलून बघा.

आणि जे दिसलं ते काचेवर सरकतंय का, हे बघा. सरकत असेल तर ते पुढून किंवा मागून निघून जाईल. काचेवर एकाच जागी चिकटून फक्त मोठं होत असेल, तर तेच ते. काचेवरच्या मेलेल्या किड्यासारखं दिसतं सुरुवातीला. म्हणूनच मी निघण्यापूर्वी पुढची काच पुसतो, आणि क्लबातली पोरं मला हसतात.

घड्याळाच्या बाबतीत एक गोम आहे आणि ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते. एडीएस-बीचं ‘बारा वाजता’ हे तुमच्या नाकावरून मोजलेलं नसतं, जमिनीवरच्या तुमच्या वाटेवरून मोजलेलं असतं. वारा शून्य असेल तर दोन्ही एकच. पण समजा डावीकडून २५ नॉट्सचा आडवा वारा आहे आणि तुमचा हवेतला वेग १०५. सरळ जाण्यासाठी नाक सुमारे चौदा अंश डावीकडे ठेवावं लागतं. आता यंत्र ‘बारा’ म्हणालं तर ते विमान नाकाच्या चौदा अंश उजवीकडे आहे, म्हणजे साडेबाराच्या सुमाराला. नाकासमोर शोधत राहिलात तर सापडणार नाही. टॉवर किंवा रडारवरचे कंट्रोलर सांगतात तेव्हाही हाच प्रकार, कारण त्यांनाही तुमचं नाक दिसत नाही, वाट दिसते. मी तर वाऱ्याच्या दिवशी निघतानाच स्वतःशी म्हणून ठेवतो, “आज घड्याळ अर्धा तास पुढे” किंवा “मागे”. नाक डावीकडे तर पुढे, उजवीकडे तर मागे. अँटेना लावून स्वतः शोध घेणारी बसवलेली यंत्रं मात्र विमानाच्या नाकावरूनच मोजतात. तुमचं कुठलं आहे हे पुस्तिकेत बघून घ्या.

वळणात घड्याळ आणखी बिघडतं. साध्या वळणात विमान सेकंदाला तीन अंश फिरतं, म्हणजे दहा सेकंदांत एक तास. वळणाच्या सुरुवातीला ‘तीन वाजता’ ऐकलेलं उजवं वळण घेता घेता दोन वाजता आलेलं असतं. शक्यतो वळण सुरू करण्याआधी बघा, आणि वळणात इशारा आला तर तासाला फार चिकटू नका.

दिसलंच नाही तर? आवाजावर विसंबून अंदाजाने झटकन वळू नका. ज्या बाजूला बघितलेलं नाही त्या बाजूला वळणं म्हणजे एकाला चुकवून दुसऱ्याच्या अंगावर जाणं. तोच इशारा पुन्हा आला, अंतर कमी झालं आणि तास तोच राहिला, तर तेव्हा पडद्याकडे एक नजर टाकायची, एक सेकंद, समोरच्याची उंची वाढतेय की कमी होतेय एवढ्यापुरती, आणि जी बाजू मोकळी दिसतेय तिकडे उंची किंवा दिशा बदलायची. तीनशे-चारशे फुटांनी खूप फरक पडतो. रडारवाल्याशी बोलत असाल तर त्याला विचारा. तो त्यासाठीच आहे.

रेडिओवर उत्तर दोनच प्रकारचं. दिसलं तर “ट्रॅफिक इन साइट”, नाही दिसलं तर “निगेटिव्ह कॉन्टॅक्ट”. “आयपॅडवर दिसतंय” हे उत्तर नव्हे. मी एकदा दिलंय. टॉवरने अत्यंत सौजन्याने पुन्हा विचारलं, “पण खिडकीतून दिसतंय का?”

सर्किटमधली कटकट

सगळ्यात जास्त तक्रार ऐकू येते ती इथे, विमानतळाभोवतीच्या उतरण्याच्या फेरीत. रीड-हिलव्ह्यूला दोन समांतर धावपट्ट्या आहेत, अगदी खेटून. मी उजव्या पट्टीच्या फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ वाटेवर, शेजारचा डाव्या पट्टीच्या फायनलवर, दोघेही जिथे असायला हवे तिथेच. यंत्राला ते कळत नाही. ते बोंबलत राहतं. वैतागून लोक आवाज बंद करतात आणि मग सॅन मार्टिनच्या विमानतळाला जाताना परत चालू करायला विसरतात.

माझं मत, बंद करू नका, कमी करा. आणि डाउनविंडवरच शेजाऱ्याला शोधून मनात खूण करून ठेवा, “फायनलला हा माझा नऊ वाजताचा”. पुढचा इशारा नऊचाच असेल तर एकदा खात्री करून सोडून द्या. नऊऐवजी पाच म्हणाला तर ती बातमी आहे. टॉवर नसलेल्या विमानतळावर तर मी आवाज पुन्हा वाढवतो. १८ ऑगस्ट २०२२ ला इथून जवळच वॉटसनव्हिलला, जिथे टॉवर नाही, सर्किटमधली सेसना १५२ आणि सरळ फायनलला वेगाने आलेली दुहेरी इंजिनाची सेसना ३४० धडकली आणि तिघे गेले. मागून येणारं आपल्याला खिडकीतून दिसत नाही. तिथे कान हेच डोळे. पण रेडिओवर आपण कुठे आहोत हे स्पष्ट सांगणं आणि दुसरा काय सांगतोय ते ऐकणं, हे यंत्राच्या आधी येतं. दोन आवाज एकदम आले तर मी माणसाचा आधी ऐकतो.

शेजारच्या सीटवरचा माणूस

हा भाग कुणी शिकवत नाही. प्रवाशांच्या हेडसेटमध्येही ‘ट्रॅफिक’ ऐकू येत असेल तर त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर पुण्यातल्या माणसाला ‘ट्रॅफिक’ म्हणजे सिग्नलला अडकणं वाटतं आणि तो निवांत बसतो. किंवा उलट, घाबरून तुमचा दंड धरतो.

गेल्या उन्हाळ्यात आई आली होती. तिला घेऊन हॉलिस्टरला निघालो. उजव्या सीटवर बसवलं. अंबाड्यावर हेडसेट काही केल्या बसेना, शेवटी अंबाडा जरा खाली बांधला. निघायच्या आधी सांगितलं की आपल्या स्वयंपाकघरातलं अजंठाचं घड्याळ समोर आडवं ठेवलंय असं समज. बारा नाकावर, तीन तुझ्या उजव्या हाताला. यंत्र आकडा सांगेल. तिकडे बघायचं आणि एकच शब्द बोलायचा, ‘दिसलं’ किंवा ‘नाही’. आणि ‘ट्रॅफिक’ ऐकलं की गप्पा जिथल्या तिथे बंद. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई ती, तिने मलाच तीनदा प्रश्न विचारून उजळणी करून घेतली.

मॉर्गन हिलच्या वर आवाज आला, दोन वाजता, खाली, दोन मैल. मी खांबाच्या पलीकडे डोकावतोय तोवर आई म्हणाली, “दिसलं.” आणि थोड्या वेळाने, “गेलं.” ठरलेल्यापेक्षा एक शब्द जास्त, पण उपयोगाचा.

हॉलिस्टर जवळ आल्यावर कानात शांतता होती. मी आधीच वेग कमी केला होता, कारण तिथे ग्लायडर असतात. जन्मापासून इंजिनावर चालणारी वीज नसलेल्या विमानांना, ग्लायडरना आणि बलूनना एडीएस-बीच्या नियमातून बरीच सूट आहे. जुनी पायपर कबसुद्धा त्यात येते. ड्रोन आणि गिधाडं तर बोलतच नाहीत. हे आईला सांगायचं राहून गेलं होतं.

ती म्हणाली, “अरे, एक वाजता कुणीतरी आहे. यंत्र काही बोललं नाही.”

मी बघितलं. आधी काहीच नाही. मग क्षितिजाच्या पट्टीत एक पांढरी रेघ चमकली, नाहीशी झाली, पुन्हा चमकली. लांबलचक पंखांचं ग्लायडर, आमच्याच उंचीवर, गरम हवेत गोल गोल फिरत वर चढत होतं. फिरताना ते आमच्याकडे सपाट झालं की दिसेनासंच व्हायचं. इंजिनवाल्याने ग्लायडरला वाट द्यायची असते. मी डावीकडे बघितलं, मोकळं होतं, आणि त्याच्यापासून चांगलं लांब वळलो. तेवढ्या वेळात कानात फक्त इंजिन.

“हडपसरला आपल्या गच्चीवरून दिसायचं ना, तसलंच आहे,” आई म्हणाली. ग्लायडिंग सेंटरवरून उडणारी ती पांढरी ग्लायडर बघायला मी लहानपणी शाळेला उशीर करायचो, ते तिला आठवत होतं. “तेव्हाही त्याचा आवाज यायचा नाही. मीच तुला ओरडून सांगायचे, आलं बघ म्हणून.”